आहारातील प्रथिनांचे प्रमाण

आहारातील प्रथिनांचे प्रमाण : शरीराची वाढ होण्यासाठी, झीज भरून काढण्यासाठी व ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या पेशीसमूहांचे) नूतनीकरण करण्यासाठी मनुष्यास दररोज अन्नातून किती प्रथिन मिळाले पाहिजे, हा पोषणशास्त्रातील एक जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. गेल्या सु. १७५ वर्षांत या प्रश्नाची उत्तरे दिवसाला १२५ ग्रॅ. पासून ४० ग्रॅ. पर्यंत बदलत गेली आहेत. कार्बोहायड्रेटे (पिष्ठ व शर्करा) कमी करून मधुमेह व स्थूलता आटोक्यात ठेवण्याच्या आहारपद्धतीचा विसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रसार झाल्यामुळे हा प्रश्न पुन्हा पुढे आला. धान्य हेच ज्यांच्या प्रथिनांचे मुख्य उगमस्थान आहे, अशा महाराष्ट्रासारख्या प्रदेशात त्याला वेगळे महत्त्व आहे; कारण येथे पिष्ठ कमी करणे म्हणजे नकळत प्रथिनही कमी करणे होय. [⟶ कार्बोहायड्रेटे, पोषण, प्रथिने].

प्रारंभीचे संशोधन : नायट्रोजनविरहित अन्नावर प्राणी जगत नाहीत, हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रांस्वा माझांदी यांनी १८१६ मध्ये कुत्र्यांना केवळ साखर किंवा तेल खाऊ घालून दाखविले. नायट्रोजनयुक्त पदार्थांना ‘प्रोटीन’ हे नाव डच रसायनशास्त्रज्ञ गेरार्डस योहानेस मल्डर यांनी १८३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात वापरले. हा शब्द त्यांना स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यांनी सुचविला होता. ‘प्रथम स्थानी असलेले’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो बनविला असून ‘प्रथिन’ ही मराठी संज्ञाही अर्थाने त्याच्याजवळची आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांनी १८४२ मध्ये असे प्रतिपादन केले की, स्नायूंच्या कार्यासाठी लागणारी शक्ती स्नायूंतील प्रथिनांच्या विघटनातून मिळते. यावरून श्रम जितके अधिक तितके प्रथिन अधिक लागते, असा समज रूढ झाला. १८६५ मध्ये आडोल्फ फिक व योहानेस व्हिस्लिसेनुस या दोघांनी प्रथिनविरहित अन्न घेऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढले व त्या काळातील मूत्रामधील नायट्रोजन मोजला. विघटित झालेल्या प्रथिनापासून मिळू शकणारी ऊर्जा चढणीच्या कार्यास मुळीच पुरेशी नव्हती. श्रमासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः कार्बोहायड्रेटे व वसा यांपासून मिळते, हे यावरून स्पष्ट झाले. तरीही श्रमिकाला मांस भरपूर हवे, ही कल्पना लोकमानसातून गेली नाही. व्यायामशाळांतून ती आजही आढळते.

फॉइट व चिटेंडन : म्यूनिक येथील कार्ल फॉन फॉइट (१८३१–१९०८) यांनी मध्यम श्रम करणाऱ्या कामगारांचा नेहमीचा आहार मोजून दिवसाला ११८ ग्रॅ. प्रथिन, ५६ ग्रॅ. वसा व ५०० ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असे प्रमाण ठरविले. त्यांचे शिष्य, अमेरिकन शास्त्रज्ञ विल्बर ऑलिन ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांनी ते १२५ ग्रॅ. पर्यंत नेले. ही प्रमाणे सुस्थितीतील माणसे काय खातात, यावरून काढलेली होती. त्यांना काय खाणे आवश्यक आहे, हा निराळा प्रश्न होय. या दोन प्रश्नांची सरमिसळ पुढेही अनेकदा झाली.

येल विद्यापीठातील रसेल हेन्री चिटेंडन (१८५६–१९४३) यांनी हा भेद प्रयोगाने दाखविला. त्यांनी स्वतः, विद्यापीठातील सहकारी, लष्करातील सैनिकांची एक तुकडी व विद्यार्थी-खेळाडू यांच्यावर अनेक महिने प्रयोग करून १९०४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फॉइट यांच्या निम्म्याहून कमी, म्हणजे दिवसाला साधारणतः ४० ते ६० ग्रॅ. प्रथिनावर नायट्रोजनाचा समतोल राहतो (म्हणजे अन्नातून येणारा व शरीराबाहेर जाणारा नायट्रोजन सारखा राहतो) व शारीरिक बळ कमी होत नाही, असे त्यांना आढळले.

भारतातील प्रारंभीचे कार्य : चिटेंडन यांच्या मताला भारतातून विरोध झाला. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक डी. मॅके यांनी बंगालमधील तुरुंगांतील व इतर आहारांचा अभ्यास करून १९१२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. भातावर राहणाऱ्या बंगाली लोकांच्या आहारात प्रथिन कमी असल्यामुळे त्यांचे शरीर व कार्यशक्ती दुबळी राहते, असे त्यांचे म्हणणे होते. या विवेचनात शास्त्रीय निरीक्षणांबरोबर लढाऊ व बिगर-लढाऊ जाती या वसाहतकालीन कल्पनेचाही अंश होता. तथापि भारतीय आहारातील प्रथिनांची मोजणी करण्याचा हा पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय.

कुन्नूर येथे १९१८ मध्ये सुरू झालेल्या छोट्या चौकशी केंद्रातून रॉबर्ट मॅककॅरिसन (१८७८–१९६०) यांनी पोषण-संशोधनाची संस्था उभी केली. त्यांनी उंदरांचे गट करून त्यांना भारतातील विविध लोकांचे आहार दिले. वाढीच्या दृष्टीने गहू, दूध, डाळी व भाज्या असलेला शिखांचा आहार सर्वांत उत्तम ठरला. त्याखाली पठाणांचा व नंतर मराठ्यांचा आहार होता. पॉलिश केलेल्या तांदळावर आधारलेला मद्रासी आहार सर्वांत खाली राहिला. मॅककॅरिसन यांनी हा फरक एकट्या प्रथिनाचा न मानता संपूर्ण आहाराचा मानला, ही त्यांच्या कार्यातील महत्त्वाची बाब होय. त्यांच्यानंतर डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली व १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले.

राष्ट्रसंघाच्या तज्ञांनी १९३६ मध्ये शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास दररोज १ ग्रॅ. प्रथिन हे प्रमाण सुचविले. भारतात १९४४ मध्ये पोषण सल्लागार समितीने तेच स्वीकारले व ते दीर्घकाळ प्रचारात राहिले.

प्रथिनाची प्रत : दरम्यान सर्व प्रथिने सारखी नसतात, हे स्पष्ट झाले होते. प्रथिने ॲमिनो अम्लांची बनलेली असतात व त्यांपैकी काही शरीरात तयार होत नाहीत; ती अन्नातूनच मिळावी लागतात. टॉमस ऑस्बर्न व लाफायेट मेंडेल यांनी उंदरांवरील प्रयोगांनी आणि पुढे विल्यम रोझ यांनी मानवावरील प्रयोगांनी हे सिद्ध केले. अंडी, दूध, मांस व मासे यांतील प्रथिनांत ही आवश्यक ॲमिनो अम्ले योग्य प्रमाणात असतात. तृणधान्यांत लायसीन कमी असते, तर डाळींत लायसीन भरपूर पण गंधकयुक्त ॲमिनो अम्ले कमी असतात.

ज्वारीच्या बाबतीत ही उणीव विशेष ठळक आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅ. प्रथिनांत लायसीन केवळ २ ग्रॅ. च्या आसपास असते. प्रौढ माणसाच्या आहारातील १०० ग्रॅ. प्रथिनांत ते ४.५ ग्रॅ. असावे, असे मानतात. शिवाय शिजविल्यानंतर ज्वारीतील प्रथिनांची पचनीयता घटते. ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याचा पेलाग्रा या त्वचा-विकाराशी संबंध असावा, असे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासावरून १९६० मध्ये मांडले.

मराठवाड्यातील पारंपरिक जेवणात या उणिवेवर उपाय अंगभूतच आहे. भाकरीबरोबर तुरीचे वरण, येसराची आमटी, हरभऱ्याच्या पिठाचे पिठले, मटकीची वा मुगाची उसळ, हुलग्याची शेंगोळी, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी व ताक यांपैकी काहीतरी असते. दिवसाला ५०० ग्रॅ. ज्वारी व ६० ग्रॅ. तूरडाळ खाणाऱ्यास ज्वारीपासून सु. ५० ग्रॅ. व डाळीपासून सु. १३ ग्रॅ. प्रथिन मिळते. लायसीन मात्र ज्वारीपासून सु. १ ग्रॅ. व डाळीपासून सु. ०.९ ग्रॅ. मिळते. म्हणजे एकूण प्रथिनाचा पाचवा हिस्सा देणारी डाळ लायसीनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा देते. ६५ किग्रॅ. वजनाच्या प्रौढ माणसाची लायसीनाची दैनिक गरज सु. १.९५ ग्रॅ. असल्याने डाळीसह हा आहार काठावर पुरेसा होतो. डाळीवाचून तो निम्म्यावर येतो. वाटीभर वरणाला भाकरीच्या ताटात जे स्थान आहे, त्याचे शास्त्रीय कारण हे होय.

प्रथिन-तुटीचा वाद व सुखात्मे : दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथिन हा जागतिक चिंतेचा विषय झाला. आफ्रिकेतील क्वाशिओरकोर या बालरोगाचे सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये वर्णन केले होते. तो प्रथिनांच्या न्यूनतेने होतो, असे मानले गेले व जगातील भुकेचे मूळ ‘प्रथिन-तुटी’त आहे, असा विचार बळावला. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने १९६८ मध्ये येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा दिला. शेंगदाण्याची पेंड, सोयाबीन, मासळीची पूड यांपासून प्रथिनपूरक अन्ने बनविण्याचे कार्यक्रम अनेक देशांनी हाती घेतले. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याचे व हरभऱ्याचे पीठ यांपासून बहूद्देशीय अन्न तयार केले.

या विचाराला सांख्यिकीच्या आधारे सर्वांत ठाम आव्हान देणाऱ्यांत महाराष्ट्रातील पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांचा समावेश होतो. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेल्या सुखात्मे यांचे शिक्षण पुणे व लंडन येथे झाले. नमुना-पाहणीशास्त्रातील कार्यानंतर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून सु. दोन दशके काम केले. निवृत्तीनंतर ते पुण्यास राहिले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

सुखात्मे यांचा युक्तिवाद थोडक्यात असा होता : गहू, ज्वारी, बाजरी यांच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेचा दहा-अकरा टक्के भाग प्रथिनाचा असतो. प्रौढाच्या गरजेशी तुलना करता हे प्रमाण प्रतीचा विचार करूनही कमी नाही. तेव्हा जो माणूस आपल्या ऊर्जेची गरज भागेल इतके धान्य व डाळ खातो, त्याला प्रथिन आपोआप पुरेसे मिळते. ज्याला प्रथिन कमी पडते, त्याला बहुधा मुळात अन्नच कमी पडत असते. ऊर्जा अपुरी असता शरीर प्रथिन जाळून ती मिळविते. अशा स्थितीत वेगळे प्रथिन पुरविले, तरी तेही जळण म्हणून खर्च होते. हैदराबाद येथे गोपालन व त्यांचे सहकारी यांनाही मुलांच्या आहार-पाहणीत प्रथिनापेक्षा ऊर्जेचीच तूट प्रामुख्याने आढळली. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ञसमितीने १९७३ मध्ये प्रौढ पुरुषासाठी दर किग्रॅ. वजनास दूध वा अंडे यांचे ०.५७ ग्रॅ. प्रथिन हे प्रमाण ठरविले. पूर्वीच्या मानाने ते बरेच कमी असल्याने कागदावरील प्रथिन-तूट एकाएकी नाहीशी झाली. डॉनल्ड मॅकलारेन यांनी १९७४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात या सर्व प्रकरणाची ‘प्रथिनाचा महान फज्जा’ अशा आशयाच्या शब्दांत संभावना केली.

याच सुमारास, १९७२–७३ च्या दुष्काळात, मराठवाड्यासह महाराष्ट्रातील मोठ्या भागात लाखो लोक दुष्काळी कामांवर होते. आयात केलेली मिलो ही लाल ज्वारी व कामांवर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण त्या पिढीत कायम राहिली. तेथे प्रश्न प्रथिनाच्या प्रतीचा नव्हता. पोटभर अन्नाचा होता. सुखात्मे यांचे प्रतिपादन या अनुभवाशी जुळणारे होते.

सुखात्मे यांनी पुढे शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर १९७८ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. एकाच माणसाचा नायट्रोजन-समतोल दररोज बदलतो व हे बदल यदृच्छ नसून शरीराच्या आत्मनियमनाचा भाग असतात. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानता येत नाही. हा विचार त्यांनी ऊर्जेलाही लागू केला व येथे मोठा वाद झाला. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात दरडोई २,२५० किलोकॅलरी ही सीमा धरली होती. सुखात्मे यांच्या निकषाने कुपोषितांची संख्या पुष्कळच घटत होती. दांडेकर यांनी १९८१ मध्ये या पद्धतीवर कठोर टीका केली. गोपालन यांनीही खुरटलेल्या शरीराला ‘समायोजन’ म्हणणे म्हणजे वंचनेला आरोग्य म्हणणे होय, अशी भूमिका घेतली. अल्प आहाराशी शरीर जुळवून घेते हे खरे. पण त्यासाठी वाढ, श्रमशक्ती व रोगप्रतिकार यांच्या रूपाने किंमत मोजावी लागते, हे आता सामान्यतः मान्य आहे.

प्रथिन-गरजेचे आकडेही पुन्हा वर सरकले. आंतरराष्ट्रीय समित्यांनी दर किग्रॅ. वजनास १९८५ मध्ये ०.७५ ग्रॅ. व २००७ मध्ये ०.८३ ग्रॅ. हे सुरक्षित प्रमाण ठरविले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ०.८३ ग्रॅ. हेच प्रमाण घेतले. त्यानुसार ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषास सु. ५४ ग्रॅ. व ५५ किग्रॅ. वजनाच्या स्त्रीस सु. ४६ ग्रॅ. चांगल्या प्रतीचे प्रथिन दररोज लागते. मुख्यतः धान्यावर आधारलेल्या आहारात प्रत कमी असल्याने हे प्रमाण दर किग्रॅ. ला सु. १ ग्रॅ. धरावे लागते.

अल्प-कार्बोहायड्रेट आहार : मधुमेहात पिष्ठमय व गोड पदार्थ कमी करण्याचा विचार जुना आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णास यव (जव) हे प्रमुख धान्य सांगितले आहे. स्कॉटिश लष्करी वैद्य जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये मधुमेही रुग्णास मांसप्रधान आहार दिल्याची नोंद प्रसिद्ध केली. लंडनमधील अंत्यविधी-व्यावसायिक विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये पुस्तिका काढून पाव, साखर, बटाटे व बिअर सोडून आपले वजन सु. २१ किग्रॅ. ने कसे घटले, हे सांगितले. इन्शुलिनाच्या शोधापूर्वी (१९२१) फ्रेडरिक ॲलन यांच्या उपासमारीच्या उपचाराने मधुमेही रुग्णांचे आयुष्य काही काळ वाढविता येत असे. परंतु ते अत्यंत कृश होत.

अशा आहारात प्रथिन किती असावे, याची दोन टोके विसाव्या शतकात दिसली. अपस्मारावरील उपचारासाठी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९२१ पासून विकसित झालेल्या कीटोजनक आहारात प्रथिन दर किग्रॅ. ला सु. १ ग्रॅ. इतकेच ठेवून उरलेली जवळजवळ सर्व ऊर्जा वसेपासून दिली जाई. कारण जास्त प्रथिनापासून यकृत ग्लुकोज तयार करते व अभिप्रेत परिणाम कमी होतो. १९२८ मध्ये ध्रुवप्रदेशाचे संशोधक विल्याल्मर स्टेफानसन व त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसाहार घेतला. त्यात दिवसाला १०० ते १४० ग्रॅ. प्रथिन, २०० ते ३०० ग्रॅ. वसा व अगदी थोडी कार्बोहायड्रेटे होती. प्रयोगाच्या प्रारंभी स्टेफानसन यांना केवळ चरबीविरहित मांस दिले, तेव्हा थोड्याच दिवसांत मळमळ व अतिसार सुरू झाला. चरबी दिल्यावर तो थांबला. प्रथिनातील नायट्रोजन यूरियाच्या रूपाने बाहेर टाकण्याच्या यकृत व वृक्क (मूत्रपिंड) यांच्या क्षमतेला मर्यादा असल्याने एकूण ऊर्जेच्या ३५ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनापासून मिळविणे दीर्घकाळ सोसत नाही.

दुसरे टोक न्यूनतेचे होय. कार्बोहायड्रेटे एकाएकी कमी केली असता मेंदूला लागणारे ग्लुकोज पुरविण्यासाठी शरीर प्रारंभी स्वतःच्या स्नायूंतील प्रथिन मोडते. जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात दीर्घ उपोषणाचा अभ्यास करून असे दाखविले की, काही आठवड्यांत मेंदू कीटोन पदार्थांचा वापर करू लागतो व मूत्रातील नायट्रोजन दिवसाला सु. १२ ग्रॅ. वरून ३–४ ग्रॅ. पर्यंत उतरतो. १ ग्रॅ. नायट्रोजन म्हणजे ६.२५ ग्रॅ. प्रथिन, त्यामुळे पहिल्या आठवड्यांतील हानी लक्षणीय असते. ती टाळण्यासाठी जॉर्ज ब्लॅकबर्न यांनी अत्यल्प ऊर्जेच्या आहारात आदर्श वजनाच्या दर किग्रॅ. ला १.२ ते १.५ ग्रॅ. उत्तम प्रथिन देण्याची पद्धत सुरू केली. तिचे व्यापारी अनुकरण मात्र घातक ठरले. १९७६–७७ मध्ये अमेरिकेत जिलेटिनासारख्या निकृष्ट प्रथिनापासून बनविलेल्या पेयांवर वजन घटविणाऱ्या पन्नासहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला. प्रथिनाचे ग्रॅम पुरेसे असणे आणि प्रथिन पुरेसे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

महाराष्ट्रात अशा आहाराचा प्रसार मुख्यतः एकविसाव्या शतकातील आहे. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी व्याख्यानांतून मांडलेल्या विचारांच्या आधारे लातूर येथील वैद्यकीय शिक्षक जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. तिचा मुख्य भर खाण्याच्या वेळा कमी करण्यावर आहे. त्याबरोबरच कार्बोहायड्रेटे कमी व प्रथिने अधिक घेण्याचा सल्लाही दिला जातो. तिच्या गुणावगुणांविषयी आहारतज्ञांत मतभेद आहेत.

बदललेले श्रम व शेंद्रा परिसर : या प्रश्नाचे आजचे स्वरूप समजण्यासाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यालगत असलेल्या शेंद्रा परिसराचे उदाहरण उपयुक्त आहे. ज्वारी, बाजरी, तूर व कापूस पिकविणाऱ्या या कोरडवाहू पट्ट्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने औद्योगिक क्षेत्र वसविले. २००१ मध्ये तेथे स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला व पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ऑरिक या नियोजित नगराचा शेंद्रा हा एक भाग झाला. शेंद्रा येथील मांगीरबाबाच्या यात्रेत नवस फेडण्यासाठी बोकड कापण्याची रूढी आहे. मांस हे या प्रदेशात रोजचे नव्हे, तर प्रसंगाचे अन्न राहिले, याचे ते द्योतक होय. रोजचे प्रथिन भाकरी व डाळ यांतूनच येत असे. २०११–१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही भारताच्या ग्रामीण भागातील प्रथिनाचा निम्म्याहून अधिक हिस्सा तृणधान्यांचा असल्याचे दिसले.

शेतमजुरी, खोदकाम यांसारखे अतिश्रमाचे काम करणाऱ्या ६५ किग्रॅ. वजनाच्या पुरुषास २०२० च्या भारतीय शिफारशीनुसार सु. ३,४७० किलोकॅलरी लागतात, तर बैठ्या कामास सु. २,११० पुरतात. प्रथिनाची गरज मात्र दोघांचीही सारखीच आहे. धान्याधारित आहारासाठी ती ६५ ग्रॅ. धरली, तर ती पहिल्याच्या ऊर्जेच्या ७.५ टक्के व दुसऱ्याच्या ऊर्जेच्या १२.३ टक्के होते. सुखात्मे यांचा सिद्धांत पहिल्याला लागू पडतो; तो भुकेप्रमाणे भाकरी खातो व त्याबरोबर प्रथिनही मिळवितो. दुसऱ्याचे श्रम यंत्राने कमी केले आहेत. त्याने जुन्या प्रमाणात भाकरी, पोळी व भात खाल्ल्यास वजन वाढते. भुकेपुरतेच खाल्ल्यास प्रथिन कमी पडू शकते. म्हणजे १९७० च्या सुमाराचे उत्तर चुकीचे नव्हते. ज्या माणसासाठी ते दिले गेले, त्याचे काम बदलले आहे.

या स्थितीत नुसतेच धान्य कमी करण्याचा परिणाम गणिताने दाखविता येतो. वर दिलेल्या ५०० ग्रॅ. ज्वारी व ६० ग्रॅ. डाळीच्या आहारातून ज्वारी १५० ग्रॅ. वर आणली, तर कार्बोहायड्रेटे सु. ४०० ग्रॅ. वरून सु. १४५ ग्रॅ. वर येतात, पण प्रथिनही ६३ ग्रॅ. वरून २८ ग्रॅ. वर उतरते. ही तूट ५० ग्रॅ. शेंगदाणे (सु. १३ ग्रॅ. प्रथिन), ३० ग्रॅ. सोयाबीन (सु. १२ ग्रॅ.), ५० ग्रॅ. पनीर (सु. ९ ग्रॅ.) व पाव लिटर दूध किंवा दही (सु. ८ ग्रॅ.) यांनी भरून निघते. मांसाहारी व्यक्तीस दोन अंडी व १०० ग्रॅ. कोंबडी किंवा मासे यांनी त्यातील बराच भाग भागविता येतो. शाकाहारी मांडणीत एकूण प्रथिन सु. ७० ग्रॅ. होते, तेल व भाज्या वगळून ऊर्जा सु. १,४५० किलोकॅलरी मिळते व तिचा जवळजवळ निम्मा भाग कार्बोहायड्रेटांचा राहतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतील १८,०९० प्रौढांच्या आहारावरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेचा आहे. नव्याने निदान झालेल्या मधुमेहाच्या उपशमनासाठी एकूण ऊर्जेपैकी ४९ ते ५४ टक्के कार्बोहायड्रेटांपासून, १९ ते २० टक्के प्रथिनांपासून व २१ ते २६ टक्के वसेपासून मिळावी, असे त्यात गणिती प्रतिमानाने सुचविले आहे. १,५०० किलोकॅलरींच्या आहारात हे प्रथिन सु. ७१ ते ७५ ग्रॅ., म्हणजे ६५ किग्रॅ. वजनाच्या माणसास दर किग्रॅ. ला सु. १.१ ग्रॅ. होते. बँटिंग यांच्या किंवा स्टेफानसन यांच्या आहाराइतका टोकाचा बदल यासाठी लागत नाही. त्याच पाहणीवरून २०२३ मध्ये भारतातील मधुमेहींची संख्या सु. १०.१ कोटी असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते.

मर्यादा व सद्यःस्थिती : सामान्यतः कार्बोहायड्रेटे कमी करणाऱ्या निरोगी प्रौढाने दर किग्रॅ. वजनास १ ते १.२ ग्रॅ. प्रथिन घ्यावे व वजन झपाट्याने घटवावयाचे असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली ते १.५ ग्रॅ. पर्यंत न्यावे, असे उपलब्ध ज्ञानावरून म्हणता येते. अतिस्थूल व्यक्तीत हे प्रमाण प्रत्यक्ष वजनावर न काढता उंचीला योग्य अशा वजनावर काढतात. उतारवयात स्नायूंची झीज वाढत असल्याने १ ते १.२ ग्रॅ. प्रमाण आहार नेहमीचा असतानाही योग्य मानतात. वृक्कविकार असलेल्यांना मात्र हे प्रमाण लागू नाही. त्यांच्यासाठी ते सामान्यतः ०.८ ग्रॅ. च्या आसपास ठेवतात. दीर्घकाळच्या मधुमेहात वृक्कांना इजा झालेली असणे असामान्य नसल्यामुळे प्रथिन वाढविण्यापूर्वी मूत्र व रक्त यांची तपासणी आवश्यक ठरते. इन्शुलिन किंवा रक्तातील ग्लुकोज उतरविणारी औषधे चालू असताना कार्बोहायड्रेटे एकाएकी कमी केल्यास ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून औषधांचे प्रमाण वैद्याकडून बदलून घ्यावे लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेणे टाळावे, असे म्हटले आहे.

प्रथिनाच्या प्रमाणाचा प्रश्न अखेर उत्पन्नाशी येऊन मिळतो. धान्य हे ऊर्जेचे व प्रथिनाचेही सर्वांत स्वस्त उगमस्थान आहे. सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून गहू व तांदूळ मिळतात. डाळ, दूध, अंडी व शेंगदाणे बाजारातून विकत घ्यावे लागतात. मराठवाड्यात १९९० नंतर सोयाबीन हे खरिपाचे एक प्रमुख पीक झाले. त्याच्या दाण्यात सु. ४० टक्के प्रथिन असते, परंतु दाण्यांचे तेल काढून पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी व निर्यातीसाठी जाते. जेथे ते पिकते तेथील ताटात ते क्वचितच दिसते. त्यामुळे अल्प-कार्बोहायड्रेट आहार सधन घरात प्रथिनयुक्त होतो व अल्प उत्पन्नाच्या घरात तो केवळ अल्प आहार होण्याचा संभव राहतो. [⟶ आहार व आहारशास्त्र, ज्वारी, मधुमेह, सुखात्मे, पांडुरंग वासुदेव].